बारसं बाराव्या दिवशी, नोंद आठवड्याच्या आत: जर्मनीत बाळाचं मराठी नाव ठेवताना

जर्मनीत बाळ जन्मलं की आठवड्याच्या आत त्याची नोंद श्टान्डेसाम्टमध्ये, म्हणजे जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी कार्यालयात, व्हावी लागते. जन्म दवाखान्यात झाला असेल तर कळवण्याचं काम दवाखानाच करतो. त्यासाठीचा फॉर्म आईच्या हातात येतो आणि त्यात नावाचा रकाना असतो. आपलं बारसं मात्र बाराव्या दिवशी. या कात्रीत सापडून कित्येक घरांत घाईघाईने एखादं नाव लिहून दिलं जातं, आणि आत्याने पाळण्यात ठेवलेलं नाव हाक मारण्यापुरतं उरतं. तशी घाई करायची गरज नाही. नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवता येतो, नाव महिनाभरात कळवलं की कायद्याला चालतं. फक्त तोवर नावासह जन्मदाखला मिळत नाही, आणि त्यावाचून पालकभत्ता आणि पासपोर्ट पुढे सरकत नाहीत. एकदा नोंदलेलं नाव बदलायचं तर महत्त्वाचं कारण सिद्ध करावं लागतं. ‘आता दुसरं आवडलं’ हे कारण होत नाही. म्हणून भारतातून नावांच्या याद्या पाठवणाऱ्या आत्या-मावश्यांनी सातव्या महिन्यातच पाठवाव्यात, आणि पुढच्या गोष्टी पाहून.

जर्मनीत मान्य नावांची सरकारी यादी आहे, असा समज ऐकू येतो. तशी यादी नाही. नावाने मुलाचं अहित होऊ नये, एवढीच खरी कसोटी. मुलगा की मुलगी हे नावावरून कळलंच पाहिजे, असा आग्रह पूर्वी कार्यालयं धरत, आणि तो मोडला तो आपल्याच एका नावाने: किरण. भारतीय मुळाच्या कुटुंबाने मुलीचं नाव किरण ठेवलं. कार्यालय म्हणालं, जोडीला स्पष्टपणे मुलीचं असं दुसरं नाव हवं. प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं. ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने सांगितलं की नावातून लिंग कळावंच असा कायदा नाही. तेव्हा किरण, ज्योती, शील अशा नावांना आता अडचण नसावी. एखाद्या अधिकाऱ्याला नाव अगदीच अनोळखी वाटलं तर तो पुरावा मागतो. अशा वेळी वीसबाडनची जर्मन भाषा संस्था किंवा लाइपत्सिग विद्यापीठाचं नावविषयक सल्लाकेंद्र यांच्याकडून शुल्क भरून तसा दाखला घेता येतो.

खरी गंमत उच्चारांत आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. जर्मन माणूस रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचत नाही. ‘जे’चा उच्चार य: तेजस होतो तेयास, जुई होते युई. स्वरापुढचा ‘एस’ झ सारखा: सान्वी होते झान्वी. ‘टीएच’ म्हणजे नुसता ट, म्हणून अथर्वचा थ टिकत नाही. ‘एआय’ म्हणजे आय: वैदेही होते वायदेही. ‘व्ही’ कधी व, कधी फ. शब्दाच्या शेवटी तर हमखास फ, म्हणजे अर्णव आर्नाफ होतो. शेवटच्या ‘डी’चा ट होतो, त्यामुळे वेदचं फेट व्हायला वेळ लागत नाही, आणि फेट म्हणजे जाडा.

आपण इंग्रजीच्या सवयीने दीर्घ ई दाखवायला डबल ई लिहितो. जर्मनमध्ये डबल ई म्हणजे लांब ए, आणि डबल ओ म्हणजे लांब ओ. डबल ई घालून लिहिलेली मीरा इथे मेरा होते, डबल ओ घातलेली पूजा पोया होते. मीरामध्ये नुसता ‘आय’ लिहिला की उच्चार बिनचूक. तसंच व साठी ‘डब्ल्यू’ वापरला तर ईश्वरी बरीचशी ईश्वरीच राहते. म्हणजे निम्मं काम नावात नसून स्पेलिंगमध्ये आहे. तारा, मीरा, माया, इरा, नील, किरण, तनया ही नावं फारशी न मोडता टिकतात. तरीही जुई मनात बसली असेल तर जुईच ठेवा. बालवाडीतल्या बाईंना दोनतीनदा नीट सांगितलं की त्या शिकतात.

काही नावं मात्र खरोखर टाळावीत. आर्ष म्हणजे ऋषींचं, ऋषींपासून आलेलं. पण जर्मनमध्ये नेमक्या याच उच्चाराचा शब्द ढुंगणासाठी आणि शिवी म्हणून वापरतात. ते नाव घेऊन पोराने इथल्या शाळेत जाऊ नये. आदित्य चांगलं नाव, पण त्याचं लाडकं ‘आदी’ हे इथे आडोल्फचं, म्हणजे हिटलरच्या पहिल्या नावाचं, लघुरूप आहे. आदिदास कंपनीचं नाव अशाच एका आदीच्या नावावरून, आदी डासलर यांच्यावरून, पडलं. जुन्या पिढीच्या कानाला ते वेगळं लागतं, तेव्हा हाक मारायचं नावही आधीच ठरवा.

आता अर्थ. वेगळं नाव हवं म्हणून लोक संकेतस्थळांवर शोधतात, आणि तिथले अर्थ बरेचदा चुकीचे असतात. आरव म्हणजे ‘शांत’ असं सर्रास लिहिलेलं असतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडणं. अनय म्हणजे नीतीचा अभाव, संकट, तरी ‘अनया’ या नावाचा अर्थ काहीतरी दैवी म्हणून दिलेला सापडतो. अनीक म्हणजे सैन्य किंवा अग्रभाग. अनिकाला चिकटवलेला ‘कृपा’ हा अर्थ बहुधा युरोपातल्या आनिकाचा आहे, कारण ते आनाचं रूप आणि आना हे मुळात हिब्रू. कियारा आयर्लंडच्या बाजूने घेतलं तर ‘काळी, सावळी’, इटलीच्या क्याराकडून घेतलं तर ‘स्वच्छ, तेजस्वी’. संस्कृत मात्र नाही. मायरा हे तर फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने घडवलेलं नाव. ही नावं ठेवू नयेत असं नाही, पण आजोबांनी अर्थ विचारला तर खरा सांगता यावा. रवी आणि अंश यांचा संधी रव्यंश होतो, रवियांश नाही, हेही पाहून घ्यावं.

पडताळणीसाठी वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आणि मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश पुरेसे. आपटे आणि मोनियर-विल्यम्स दोन्ही कोश कोलोन विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. शब्द तिथे सापडला नाही तर तो संस्कृत असल्याचा दावा सोडून द्यावा.

नक्षत्राच्या आद्याक्षरावरून नाव काढणाऱ्यांनी वेळ सांभाळावी. जर्मनी उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. नक्षत्राचा एक चरण साधारण सहा तासांचा, आणि अक्षर चरणावरून ठरतं. दाखल्यावरची जर्मन वेळ गुरुजींनी भारतीय वेळ समजून घेतली तर अक्षर चुकण्याची शक्यता मोठी. म्हणून वेळेसोबत गाव आणि तारीख कळवावी, आणि तेव्हा उन्हाळी वेळ लागू होती का हेही लिहावं.

शेवटी वडिलांचं नाव. जर्मन कागदांत ‘मधलं नाव’ असा रकाना नाही. मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लिहिलं की तेही तिचंच नाव म्हणून नोंदलं जातं, आणि अधिकारी त्याबद्दल विचारतात. ते जर्मन दाखल्यात घातलं नाही आणि भारतीय पासपोर्टमध्ये घातलं, तर दोन कागदांवर दोन नावं होतात आणि पुढे शाळेपासून विम्यापर्यंत खुलासे देत बसावं लागतं. आधी पासपोर्टवर काय हवं ते ठरवा आणि तेच अक्षर न् अक्षर इथे लिहा. आईवडिलांचे मराठी जन्मदाखले भाषांतराला देताना पासपोर्टची प्रत जोडा, नाहीतर शपथबद्ध भाषांतरकार लिप्यंतराच्या नियमाने अक्षरांवर रेघा असलेलं वेगळंच स्पेलिंग लिहून देतात. बाळ भारतीय नागरिक राहणार असेल तर त्याच स्पेलिंगने एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंद करा; वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते.