कालवांच्या टेकाडातला बारा सेंटीमीटरचा काळा थर

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची शिंपल्यांची टेकाडं पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एकच निष्कर्ष काढतो: इथले लोक कालवं खाऊन जगत होते. आजूबाजूची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम वर, आणि खारफुटीतून एकदम उठलेली ही टेकाडं काही ठिकाणी नऊ मीटरहून उंच. जिथे बघावं तिथे पांढरी कालवं. हा निष्कर्ष कुठे फसतो, ते एका ढासळलेल्या कडेवरच्या दिवसभराच्या कामात जितकं स्पष्ट दिसलं तितकं एरवी क्वचित दिसतं.

ही भूमी कालुसा या मूळ रहिवासी लोकांची. शेतीच्या आधाराशिवाय, खाडीच्या बळावर त्यांनी राजा, सरदार, खंडणी देणारी गावं आणि होड्यांसाठी खणलेले जलमार्ग उभे केले. १५६६ मध्ये मेनेंदेझ हा स्पॅनिश अधिकारी त्यांच्या राजाला भेटला. राजाच्या घरात दोन हजार माणसं दाटी न होता मावतील, असं तेव्हाच्या स्पॅनिश नोंदी सांगतात. ती राजधानी म्हणजे एस्टेरो बे मधलं माउंड की हे बेट. आमच्या पथकाने उत्खनन केलेलं टेकाड त्याच किनारपट्टीवरचं, पण वेगळं. त्याची जागा मुद्दाम सांगत नाही. शंख आणि हाडांची हत्यारं उकरून विकणारे लोक इथे आजही फिरतात, आणि एकदा भोक पाडलं की तिथल्या थरांचा क्रम कायमचा गेला.

२८ सप्टेंबर २०२२ ला इयान वादळ कायो कोस्टा बेटावर धडकलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्याकडे हे काम आलं. टेकाडाची खाडीकडची कड कोसळून माणसाच्या उंचीचा उभा छेद उघडा पडला होता आणि प्रत्येक मोठ्या भरतीला आणखी थोडा पडत होता. या भागात भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतच असतो. पाण्याची पातळी ठरवतो तो वारा. थंड हवेची लाट येऊन उत्तरेचा वारा सुटला की पाणी खाडीबाहेर ढकललं जातं आणि छेदाचा पाया कोरडा पडतो. असा दिवस आदल्या संध्याकाळीच कळतो, म्हणून सामान आधीच बांधून ठेवावं लागतं.

सकाळी करणी आणि छाटणीच्या कात्रीने छेद साफ केला. मुळं ओढायची नाहीत, कापायची. ओढलेल्या मुळासोबत हातभर थर खाली येतो. साफ झाल्यावर चित्र असं दिसलं: वर मुळांची काळी माती, तिच्याखाली जवळजवळ मीटरभर जाडीचा पांढरा, मोकळा कालवांचा थर, त्याखाली बारा सेंटीमीटरचा राखट काळा पट्टा आणि तळाशी करडी वाळू. छेद पाहायला आलेल्या प्रत्येकाची नजर पांढऱ्या थरावर जात होती. काळा पट्टा तर घाण साचल्यासारखा दिसत होता.

नमुना घेण्याची नेहमीची रीत अशी. छेदाच्या मागे ५० × ५० सेंटीमीटरचा स्तंभ आखायचा, वरून खाली १०-१० सेंटीमीटरचे टप्पे घ्यायचे, पण टप्पा कधीही दोन थरांवर पसरू द्यायचा नाही. पूर्ण टप्प्यातून २५ लिटर माल निघतो. तो सगळाच्या सगळा पिशवीत जातो. निवडून काहीही टाकायचं नाही. उरलेल्या ढासळलेल्या मालाची जागेवरच कोरडी चाळण, ६.४ मिलिमीटरच्या जाळीवर. कोळसा दिसला तर पाणी लागण्याआधी चिमट्याने उचलायचा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा. शक्यतो बारीक काडीचा घ्यायचा. जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा चुलीच्या वयापेक्षा झाडाचं वय जास्त सांगतो.

अडचण आली ती इथेच. स्तंभ वरून खाली घ्यावा लागतो, नाहीतर मोकळी कालवं अंगावर येतात. पाणी मात्र खालून वर येतं. वारा फिरायची चिन्हं दुपारीच दिसू लागली. ठरलेल्या क्रमाने काळ्या पट्ट्यापर्यंत पोचेपर्यंत तो पाण्यात गेला असता. म्हणून स्तंभापासून मीटरभर बाजूला, जिथे वरचा पांढरा माल वादळातच ओसरून गेला होता आणि काळा पट्टा पायरीसारखा बाहेर आला होता, तिथे दुसरा छोटा चौकोन आखला आणि पट्ट्याचा नमुना आधी काढला. दोन्ही चौकोन एकाच आधारबिंदूवरून मोजले, पट्टा एका चौकोनातून दुसऱ्यात अखंड जातो हे कागदावर रेखाटून आणि फोटोत दाखवून ठेवलं. ही जोडणी नोंदली नसती, तर पुढे कोणीही विचारलं असतं की हा तोच थर कशावरून. उत्तर नसलेला नमुना फुकट जातो.

दोन थरांच्या सीमेवर एक जाड, वाकडं हाड दिसलं तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार, मानवी अवशेष सापडले की त्यांना धक्का लागेल असं काम थांबवावं लागतं. पंचाहत्तर वर्षांच्या आतले अवशेष असतील तर प्रकरण वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्याकडे, त्याहून जुने असतील तर राज्याच्या पुरातत्त्वज्ञाकडे जातं. कायदा नसता तरी थांबायलाच हवं होतं. ती कोणाची तरी माणसं आहेत. हाड जागेवरून न हलवता तुटलेलं टोक तपासलं. माणसाच्या बरगडीत आत जाळीदार पोकळ भाग असतो. हे हाड आरपार भरीव, घट्ट आणि जड होतं. मॅनॅटी या समुद्रगाईची बरगडी. खात्री झाल्यावर, नोंद करून, काम पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळी पाणी पट्ट्यावर चढलं तेव्हा दोन्ही नमुने होडीत होते. निघण्यापूर्वी छेदावर भूवस्त्र, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड, टाकून वाळूच्या पिशव्या रचल्या. प्लॅस्टिकचा कागद वापरत नाहीत. त्यामागे पाणी कोंडतं आणि थर फुगून पडतो.

पुढचं सगळं प्रयोगशाळेत. खाऱ्या पाण्यात भिजलेलं हाड तसंच वाळवलं तर मिठाचे स्फटिक आतून फुलतात आणि हाड पापुद्र्यांनी सुटतं. म्हणून आधी गोड्या पाण्याच्या अनेक फेऱ्या, मग सावलीत वाळवणं. त्यानंतर एकाखाली एक तीन चाळण्या: ६.४, ३.२ आणि १.६ मिलिमीटर. पाण्याची धार हलकी ठेवायची, आणि चाळणी घासायची नाही.

पांढऱ्या थराच्या नमुन्यात वरच्या चाळणीवर ढीगभर कालवं राहिली आणि खालच्या दोन्ही जवळजवळ रिकाम्या. काळ्या पट्ट्याचं उलटं झालं. वरच्या चाळणीवर थोडी कालवं, शंखांचे तुकडे आणि शिंगाळ्याचे मोठे काटे. मधल्या चाळणीवर पिनफिश या गवताळ उथळ पाण्यातल्या माशाचे दात, जबडे आणि मणके. सर्वात खाली आणखी बारीक मणके, कानातले खडे म्हणजे ऑटोलिथ, आणि बूनिया नावाची इवलीशी गोगलगाय. या पट्ट्याची फक्त ६.४ मिलिमीटरवर चाळण झाली असती, तर अहवालात लिहिलं गेलं असतं: "मुख्य अन्न कालवं, सोबत थोडे मोठे मासे." मासे होते, आणि भरपूर होते. आपल्या जाळीतून ते निसटले असते, इतकंच.

मणक्याच्या व्यासावरून माशाची लांबी काढता येते. इथले पिनफिश सारखेच लहान होते. गळाने धरलेल्या माशांत असा एकसारखेपणा सहसा नसतो. तो बारीक छिद्रांच्या जाळ्याकडे बोट दाखवतो. ही जाळी केवळ अनुमानातली नाहीत. १८९६ मध्ये कुशिंग या उत्खननकर्त्याला याच किनाऱ्यावरच्या की मार्को इथल्या चिखलात दोरीची जाळी, लाकडी तरंगे आणि शिंपल्यांची वजनं मिळाली होती. हवाबंद चिखलाने ती टिकवली होती. तिथलं कितीतरी लाकूड मात्र बाहेर काढून वाळताच वाकलं आणि तडकलं.

बूनिया ही कालवाच्या कडेला बसून त्याचा रस शोषते आणि साधारण वर्षभर जगते. त्यामुळे तिच्या लांबीवरून कालवं कोणत्या हंगामात काढली याचा अंदाज येतो. क्वाहॉग या जाड तिसरीचा छेद घेऊनही हेच पाहतात, पण एक सावधगिरी लागते. उत्तरेकडच्या थंड पाण्यात वाढ हिवाळ्यात मंदावते, तर फ्लोरिडात उन्हाळ्यात. उत्तरेचा तक्ता इथे लावला की हंगाम उलटा वाचला जातो.

मग पांढरा थर कशाचा? कालवं अख्खी, आडवीतिडवी पडलेली, मध्ये पोकळ्या, राखेची एकही रेघ नाही, पायाखाली चिरडलेला पृष्ठभाग नाही. जेवणानंतर टाकलेला कचरा असा पडत नाही. कोळशाच्या कालमापनात (त्यात किरणोत्सारी कार्बन किती उरला आहे यावरून वय काढतात) वरचा पांढरा थर खालच्या काळ्या पट्ट्यापेक्षा जुना निघाला. प्रयोगशाळेची चूक वाटावी असा हा निकाल, पण नमुन्यांत घोटाळा नव्हता. दुसरीकडचा जुना ढीग उपसून त्याचा भराव इथे टाकला होता, उंची वाढवायला. माउंड कीच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असे उलटे थर सापडले आहेत. पांढरा थर हे बांधकाम आहे. जेवण काळ्या पट्ट्यात आहे.

शिंपल्याचं कालमापन वेगळं करावं लागतं, हेही इथे सांगायला हवं. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, त्यामुळे शिंपलं काही शतकं जास्त वयाचं दिसतं. त्यात फ्लोरिडाची जमीन चुनखडीची. खाडीत उतरणारं गोडं पाणी आणखी जुना कार्बन आणतं. म्हणून शिंपल्याच्या तारखेवर एकटी भिस्त ठेवत नाहीत, सोबत काडीचा कोळसा किंवा हरणाचं हाड घेतात.

काळ्या पट्ट्यातले शंखांचे तुकडे लाइटनिंग व्हेल्क या शंखाचे होते. त्याचं तोंड नेहमीच्या शंखाच्या उलट बाजूला उघडतं. कालुसा लोक त्याला भोक पाडून, दांडा घालून हातोडा करत. भारतात दक्षिणावर्ती म्हणून महाग विकले जाणारे अनेक शंख याच अमेरिकी किनाऱ्याचे असतात. खरा शंख ओळखायचा तर आतल्या स्तंभावर तीन-चार ठळक चुण्या बघाव्यात. व्हेल्कला एखादीच असते.

पिनफिशचे मणके आता नळ्यांत क्रमवार लावलेले आहेत. १.६ मिलिमीटरखालचा गाळही आम्ही टाकला नाही, वाळवून, स्तंभ आणि टप्प्याचा क्रमांक घालून ठेवला. जुन्या उत्खननांतले अनेक संग्रह फक्त ६.४ मिलिमीटरच्या जाळीवरचे आहेत. ज्यांच्या सोबत न चाळलेल्या मातीची एखादी पिशवी ठेवलेली आहे, ती पुन्हा चाळायला काढणं हे या किनाऱ्यावरच्या नव्या खणतीइतकंच तातडीचं काम आहे. जिथे अशी पिशवी नाही, तिथे "या लोकांनी मासे कमी खाल्ले" असं कोणी लिहिलं असेल तर ते वाक्य मी ग्राह्य धरत नाही.