सोळा जनावरं, दंड पन्नास रुपये

पोलीस ठाण्यातून पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला फोन येतो, तेव्हा आधी मागणी असते ती कागदाची. किती जनावरं जिवंत, किती मेलेली, इजा काय, प्रवासाला लायक होती का, एवढं तपासून लिहून द्या. उपचाराचं नंतर. त्या कागदावाचून पुढचं काहीच हलत नाही. मी इंदूर जिल्ह्यात, आग्रा-मुंबई रस्त्यालगतच्या एका सरकारी पशुचिकित्सालयात काम करते. शिक्षण महूला झालं, घर रामबागेत. माझ्या दवाखान्यासमोरून जाणाऱ्या गाड्या मानपूरचा घाट उतरून सेंधव्याकडे आणि तिथून महाराष्ट्रात जातात. दिवसा कांदा, सोयाबीन, लोखंड. रात्री जनावरं.

मे महिन्यातली पहाट होती. ठाण्यासमोर सतरा फुटी आयशर उभी होती, वर ताडपत्री घट्ट बांधलेली. ती सोडल्याबरोबर जी गरम वाफ अंगावर आली, तिच्यावरूनच आत काय असेल ते कळलं. तीन भाकड म्हशी आणि तेरा पाडे, म्हणजे म्हशीची नर रेडकं. पाडे वर्ष-दीड वर्षाचे. वेसणी इतक्या आखूड बांधलेल्या की मान वळवायलासुद्धा जागा नव्हती. फळीला टेकून उभी असलेली जनावरं उभी होती ती शेजारच्याच्या आधाराने, आणि त्यांच्या पायांखाली जी पडली होती ती दिसतसुद्धा नव्हती. खाली ना काथ्याची चटई, ना लाकडी फळ्या. नुसता पत्रा, त्यावर शेण-मूत आणि रक्त.

मी टेप सोबत ठेवते. अहवालात ‘निर्दयपणे कोंबली होती’ असं लिहिलं की समोरचा वकील एका प्रश्नात ते वाक्य पाडतो. निर्दयपणा म्हणजे नक्की किती, डॉक्टर? मोजमाप पाडता येत नाही. आतली लांबी ५.२ मीटर, रुंदी २.१ मीटर. म्हणजे जागा अकरा चौरस मीटरपेक्षा थोडी कमी. मोटार वाहन नियमांत २०१५ साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे गाय किंवा म्हैस असेल तर प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा लागते. १९७८चे पशुवाहतूक नियम तर मालवाहू गाडीत सहाच्या वर मोठी जनावरं चढवूच देत नाहीत. इथे सोळा होती. एकेकाच्या वाट्याला पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही.

उतरवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. ठाण्यात उतार नाही, आणि माझ्या दवाखान्यातही गाडीच्या उंचीचा नाही. गाडीतून खाली ओढलं तर जी धड आहेत त्यांचेही पाय मोडणार. शेवटी जवळच्या गावातले एक गवळीदादा चार माणसं घेऊन आले. नाल्याच्या कामासाठी काढलेल्या मातीचा ढीग रस्त्याकडेला होता, त्याला गाडी उलटी लावली, मातीवर भुसा पसरला आणि एकेक जनावर चालवत, काहींना पोत्यांवर सरकवत खाली आणलं.

तोवर गर्दी जमली होती. मोटारसायकलींवरून आलेली पोरं ड्रायव्हरला घेरून होती. कुणीतरी त्याला मारलंही होतं, कपाळावरून रक्त येत होतं. ठाणेदारांनी त्याला ओढून जीपमध्ये बसवला म्हणून वाचला. मग त्यातला एक जण ढिगाजवळ आला, वाकून पाहिलं आणि मागे वळून ओरडला, “अरे, भैंसें हैं, गाय नहीं।” पंधरा मिनिटांत अर्ध्याहून जास्त गर्दी पांगली. मला त्या मारहाणीचा जेवढा संताप आला तेवढाच त्या पांगण्याचाही आला. माझ्यासमोर एका पाड्याचा मागचा पाय गुडघ्याखाली मोडून लोंबत होता. त्याला सलाईनची बाटली धरायला मला माणूस हवा होता.

म्हशीला ऊन गायीपेक्षा जास्त भोवतं. कातडी काळी, आणि घामाच्या ग्रंथी फार कमी. म्हणून तर ती डबक्यात बसते. बंद ताडपत्रीखाली तिला अंग थंड करायचा कोणताच मार्ग उरत नाही. म्हशीचं तापमान एरवी एकशे एकच्या आसपास असतं. त्या दिवशी मी काहींचं १०६ नोंदवलं. डोळे खोल गेलेले, हिरड्या कोरड्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. पाच जणांच्या शेपटांचे मणके मोडलेले. जनावर बसू नये म्हणून शेपूट पिळतात, तरी बसलं तर डोळ्यांत तिखट टाकतात. दोघांच्या पापण्यांत तिखटाचे कण मला स्वतः सापडले. ते मी धुतले, पण आधी फोटो काढून नमुना बाटलीत बंद केला.

एक पाडा तळाशी मेलेलाच होता. दुसरा मातीच्या ढिगावर सलाईन चालू असताना गेला. रवंथ करणारं जनावर बराच वेळ आडवं पडून राहिलं की पोटात वायू साठतो, फुगलेलं पोट छातीवर दाब देतं, आणि वर इतरांचे पाय असतील तर त्याला श्वासच घेता येत नाही. दोघांचं शवविच्छेदन त्याच दुपारी केलं. श्वासनलिकेत फेस, फुप्फुसं रक्ताने भरलेली, कोठ्यात मूठ-दोन मूठ कोरडा चोथा. चारा-पाणी दिल्याचं ड्रायव्हरने सांगितलं होतं, त्याच्याविरुद्ध तो चोथा माझ्या अहवालात गेला.

ड्रायव्हर खानदेशातला निघाला. मी मराठीत बोलते आहे हे कळल्यावर म्हणाला, “ताई, सहा जनावरांत डिझेलसुद्धा निघत नाही. व्यापारी म्हणतो, जेवढी मावतील तेवढी घाल. मी नाही म्हणालो तर दुसरा उभाच आहे.” त्याच्या कपाळाची जखम मीच स्वच्छ केली. त्याच्याकडे पशुवैद्यकाचा दाखलाही होता, कारण १९७८च्या नियमांप्रमाणे त्यावाचून जनावर गाडीत चढवता येत नाही. दाखल्यावर सहा जनावरं, सगळी निरोगी, खाली माझ्याच पेशातल्या माणसाची सही. तो कागद हातात धरून मी बराच वेळ उभी होते. पोलिसांना म्हणाले, हा मूळ कागद जप्त करा, झेरॉक्स नको.

पुढे काय झालं ते लवकर सांगून टाकते. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं अकरावं कलम लागलं. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. तीन वर्षांत पुन्हा केला तर शंभरापर्यंत, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक दशकं तेच आहेत. शिवाय यातले बहुतेक गुन्हे, मारहाण आणि कोंबून वाहतूकसुद्धा, दखलपात्र नाहीत. तपासणीसाठी जनावर ताब्यात घेता येतं, पण न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मेलेल्या जनावरांसाठी न्याय संहितेचं ३२५ कलम लावता येईल का, असं मी सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, ते नुकसानीचं कलम. जनावरं व्यापाऱ्याची स्वतःची. दुसऱ्या कुणाचं नुकसान दाखवणार?” ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला, ५० रुपये भरले, जादा मालाबद्दल मोटार वाहन कायद्याचा दंड वेगळा. व्यापारी न्यायालयात आलाच नाही. साक्षीसाठी मी फाईल घेऊन गेले होते. ती उघडायची वेळ आली नाही.

तीच जनावरं गायी-बैल असती आणि कत्तलीसाठी नेली जात असती, तर मध्य प्रदेशच्या २००४च्या गोवंश कायद्याखाली कैदेची शिक्षा होऊ शकली असती. तो कायदा वधाचा आहे, वेदनेचा नाही. म्हैस त्यात येत नाही, शेळी येत नाही, वीटभट्टीवरचं गाढव येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मोडलेला पाय कोणत्याही जातीच्या जनावराला तेवढाच दुखतो, आणि कायद्याने तो पाय बघावा.

हे म्हणणं मी सरकारी नोकर म्हणून चव्हाट्यावर मांडू शकत नव्हते. पण आमच्या रामबागेतल्या निवृत्त शिक्षिका काकूंनी ते उचलून धरलं. वाचलेली चौदा जनावरं गवळीदादांच्या गोठ्यात होती, कारण ज्या गोशाळेकडे विचारणा केली तिने म्हशी ठेवायला नकार दिला होता. काकू आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका भुसा-पेंडीचे पैसे जमवून तिथे गेल्या, मोडलेल्या पायाचा पाडा पाहिला, आणि परतताना काकू मला म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, आपण निवेदन द्यायचं. तुम्ही फक्त खरं काय ते सांगा, लिहिते मी.”

त्यांच्या ओसरीवर बसलो तेव्हा पहिला तास वाद झाला. काकूंना दहा वर्षं सक्तमजुरी हवी होती. मी म्हटलं, आत कोण जाईल? खानदेशातला तो ड्रायव्हर. व्यापारी दुसरी गाडी करेल. शिक्षा हवीच, पण दंड जनावरागणिक लागू दे, म्हणजे सातवं जनावर चढवताना हिशोब तोट्यात जाईल. आणि जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर येऊ दे. गुन्हा दखलपात्र करा. तपासणी घाटात रात्री नको, बाजारात जनावर चढवतानाच करा, तिथल्या दाखल्यावर गाडीचा नंबर आणि आतलं माप लिहायची सक्ती करा. हे शेवटचं माझ्या मनातलं सगळ्यात महत्त्वाचं. घाटात गाडी पकडली जाते तोवर पाडा मेलेला असतो.

मंडळातल्या एका वकीलताईंनी विचारलं, केंद्राचा कायदा राज्य कसा बदलणार? उत्तरही त्यांनीच शोधून आणलं. प्राण्यांवरील क्रूरता हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत सतराव्या क्रमांकावर आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने २०१७ साली याच कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या, राष्ट्रपतींची संमती घेतली, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. त्या दुरुस्त्या बैलांच्या खेळांना मोकळीक देणाऱ्या होत्या. काकू लगेच म्हणाल्या, “मोकळीक द्यायला दुरुस्ती होते, तर आवळायलाही होईल.” ते वाक्य निवेदनात जसंच्या तसं गेलं. शिक्षा वाढवण्याची अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्येच, जल्लिकट्टूवरच्या नागराज खटल्यात संसदेकडे व्यक्त केली होती. केंद्राने २०२२च्या नोव्हेंबरात दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवून सूचनाही मागवल्या. मी हे लिहिते आहे तोवर त्याचा कायदा झालेला नाही, आणि म्हणून राज्याकडे जाणं भाग होतं.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. काकू, वकीलताई, गवळीदादा आणि मंडळातल्या बायका गेल्या. मी रजा टाकून मागच्या बाकावर बसले होते. निवेदनावर माझी सही नव्हती, पण मापं, तापमानं आणि शवविच्छेदनाचे निष्कर्ष सोबतच्या तांत्रिक टिपणात होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, कायदा बदलणं माझ्या हातात नाही, हे मी शासनाकडे पाठवतो. पण जिल्ह्यात निवारा हवा म्हणता, त्याचा खर्च कोण करणार?

काकू उत्तर देणार तेवढ्यात गवळीदादा उठले. त्यांनी खिशातून वही काढली आणि हिंदीत वाचायला सुरुवात केली. कोणत्या दिवशी किती भुसा, किती पेंड, पाण्याचा टँकर कधी, पाय मोडलेल्या पाड्यासाठी वेगळा माणूस किती दिवस. स्वतःच्या दुभत्या म्हशी बाहेर बांधून त्यांनी गोठा मोकळा केला होता, हे त्या वहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. वाचून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “साहब, अभी तक तो मैंने किया है।”

मग वकीलताईंनी २०१७चे मुद्देमाल जनावरांच्या देखभालीचे नियम पुढे ठेवले. खटला चालू असताना जनावर गोशाळेत, पांजरपोळात किंवा प्राणिकल्याण संस्थेत ठेवावं, खर्च मालक आणि वाहतूकदाराकडून वसूल करावा, आणि त्यासाठी गाडी तारण म्हणून अडकवून ठेवावी, हे त्यात आधीपासून आहे. प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्रूरता निवारण सोसायटी असावी हा नियमही २००१चा. नवा कायदा येईपर्यंत एवढं तरी वापरा, असं त्यांचं म्हणणं होतं. अधिकाऱ्यांनी त्या पानावर खूण केली आणि उतार असलेल्या सरकारी जागेबद्दल पशुपालन विभागाकडून अहवाल मागवला. तो अहवाल लिहायचं काम फिरून माझ्याकडेच आलं आहे. त्यात मी उताराची उंची, पाण्याच्या हौदाचं माप आणि म्हशी, शेळ्या, गाढवं, सगळ्यांसाठी लागणारी जागा चौरस मीटरमध्ये लिहिली आहे.

निवेदनाच्या प्रती काकूंनी आमदारांना आणि पशुपालन मंत्र्यांना पाठवल्या. शेजारच्या जिल्ह्यांतल्या मराठी मंडळांकडेही त्या आता प्रती धाडत आहेत, सोबत हाताने लिहिलेलं पत्र. दंड भरून झाल्यावर व्यापाऱ्याने जनावरं परत मागितली आहेत. वकीलताईंनी गवळीदादांची वही जोडून न्यायालयात अर्ज केला आहे: आधी चाऱ्याचा खर्च भरा, तोवर आयशर तारण राहू दे. पुढच्या तारखेला मला साक्षीला बोलावलं आहे.