‘ज्ञ’पायी अडकलेल्या पाच रेकॉर्ड

परदेशातून रेकॉर्ड मागवणार असाल तर पार्सलवर तुमचं नाव आधार कार्डावर जसं छापलंय तसंच लिहायला सांगा. अक्षर न् अक्षर तसंच. बाकीचं पुढे येईलच, पण हे आधी सांगून टाकतो, कारण एवढ्या एका गोष्टीपायी माझं पार्सल सत्तावीस दिवस अडकलं आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी धाराशिवचा. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. जॅझच्या एलपी, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन रेकॉर्ड, गोळा करतोय त्याला आता सोळा वर्षं झाली. धाराशिवात बसून जॅझ कुठून लागलं, असं प्रत्येक जण विचारतो. ते लागलं बास्केटबॉलमुळे. आमचं गाव खरं तर खो-खोचं. अर्जुन पुरस्कार मिळवलेली सारिका काळे इथलीच. पण आमच्या शाळेतले पीटीचे सर बास्केटबॉलवर जीव टाकणारे. १९९८ च्या जूनमध्ये, शाळा नुकत्याच भरायला लागल्या होत्या तेव्हा, भल्या सकाळी सरांच्या घरी केबलवर आम्ही शिकागो बुल्स आणि युटा जॅझ या अमेरिकेतल्या दोन टीमची मॅच बघितली. ५.२ सेकंद उरले असताना शिकागोच्या मायकल जॉर्डनने बास्केट मारला आणि शिकागो ८७-८६ ने जिंकलं. सगळी पोरं नाचत होती. मी सरांना विचारलं, “सर, जॅझ म्हणजे काय?” सर म्हणाले, “गाणं असतंय तिकडचं. लई काय मला बी ठाऊक न्हाई.”

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की ती टीम मुळात न्यू ऑर्लिन्सची. १९७४ साली सुरू झाली, म्हणून नाव जॅझ. जॅझचं मूळ गावच ते. १९७९ ला टीम युटाला गेली, नाव मात्र जुनंच राहिलं. त्यांचं गाव बदललं आणि नाव टिकलं. आमचं गाव होतं तिथंच आहे, नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. हे मी उगाच सांगत नाही, पार्सलच्या भानगडीत याचाही वाटा आहे.

मार्च संपताना ओसाकाच्या एका विक्रेत्याकडे पाच रेकॉर्ड सापडल्या. पाचही ब्लू नोट कंपनीच्या, जपानमध्ये पुन्हा काढलेल्या प्रती. त्यात सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचा १९५७ चा ‘ब्लू ट्रेन’ होता. हा रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावात, स्वतःच्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रित केलेला. कॅननबॉल ॲडर्लीचा ‘समथिंग एल्स’ होता, ज्यात माइल्स डेव्हिससारखा बडा ट्रंपेटवाला दुसऱ्याच्या हाताखाली साथीला वाजवतो. आणि मी ज्याच्यासाठी सहा वर्षं थांबलो होतो तो गिटारवाल्या केनी बरेलचा ‘मिडनाइट ब्लू’. गिटार, सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि काँगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल. पियानो नाहीच. पियानो नसल्यामुळे गिटारभोवती जी मोकळी जागा राहते ती मला रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर गल्लीत पसरणाऱ्या शांततेसारखी वाटते.

जपानी प्रती मी मुद्दाम घेतो. तिकडचे लोक रेकॉर्ड जपतात. ‘व्हीजी प्लस’, म्हणजे वापरलेली पण चांगल्या अवस्थेतली, असं लिहिलेली रेकॉर्डसुद्धा बहुतेक वेळा नव्यासारखी निघते. पैसे भरले, दोन एप्रिलला पार्सल निघालं, सहा तारखेला मुंबईत उतरलं. इथपर्यंत काही त्रास नाही.

सात तारखेला फोनवर मेसेज आला. केवायसी भरा. कुरिअर कंपनीचं नाव मी घेत नाही, पण कंपनी मोठी आहे. लिंक उघडली, आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाकले. आठ तारखेला उत्तर: नाव जुळत नाही.

माझं नाव ज्ञानेश्वर. आपण मराठी माणसं ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ करतो, म्हणून इंग्रजीत डी-एन-वाय-ए लिहितो. शाळेच्या दाखल्यावर, दुकानाच्या पाटीवर, सगळीकडे मी तेच लिहीत आलो आणि रेकॉर्ड मागवतानाही तेच लिहिलं. आधार काढलं तेव्हा मशीनवर बसलेल्या मुलाने हिंदीतल्यासारखं ‘ग्य’ ऐकलं आणि जी-वाय-ए टाइप केलं. मी तेव्हा बघूनही सोडून दिलं. पुढे पॅन आधारला जोडताना नाव जुळेना, म्हणून पॅनही ‘जी’ने करून घेतलं. म्हणजे दोन्ही मुख्य कागद ‘जी’चे आणि पार्सल ‘डी’चं. वर पार्सलवर शहर धाराशिव आणि आधारवर उस्मानाबाद. पिन कोड दोन्हीकडे ४१३५०१, पण त्याकडे कोणी बघायला तयार नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकवलं, मग एक मुलगी आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सर, ये तो दो अलग-अलग नाम हैं.” मी म्हणालो, ताई, अक्षर एकच आहे, तुम्ही ‘ग्य’ म्हणता, आम्ही ‘द्न्य’ म्हणतो. ज्ञानेश्वरी ज्या नावावरून आली ते हे नाव आहे. सातशे वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्र हे नाव घेतोय. तिने शांतपणे सांगितलं की सिस्टिममध्ये दोन वेगळी नावं दिसतात आणि मेल करा.

मेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं, दुसरं ओळखपत्र टाका. मतदान कार्ड टाकलं, त्यावर नाव ‘डी’ने आहे. पण कार्ड वीस वर्षांपूर्वीचं, फोटोत नुसता काळा डाग. ‘अस्पष्ट’ म्हणून परत. पासपोर्ट मी कधी काढला नाही. पुन्हा फोन, पुन्हा बावीस मिनिटं, या वेळी एक मुलगा. प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येकाला ‘ज्ञ’ पहिल्यापासून समजावायचा.

माझ्या धंद्यात मालाची बिल्टी येते. ट्रान्सपोर्टवाल्याला बिल्टी नंबर सांगितला की तो गठ्ठा काढून देतो. नंबर बरोबर, मोबाइल बरोबर, पैसे भरल्याची पावती माझ्या खात्याची. एवढं असताना एका अक्षरावरून माणूसच खरा नाही असं ठरवायचं, याचा मला संताप आला. केवायसी असू नये असं मी म्हणत नाही. परदेशातून माल येतो, कोणाच्या नावावर काय येतंय हे सरकारला कळलंच पाहिजे. पण तपासणाऱ्या माणसाला एवढा तरी अधिकार हवा की तो दोन कागद शेजारी ठेवून म्हणेल, हो, हा तोच.

मग कोणीतरी सुचवलं की एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. कोर्टासमोरच्या नोटरीकडे गेलो. पाचशेचा स्टँप, नोटरीची फी, अर्धा दिवस. ते मेल केलं तर उत्तर आलं, इंग्रजीत हवं. पुन्हा दुसरा स्टँप, पुन्हा इंग्रजीत. मग उत्तर आलं की प्रतिज्ञापत्र केवायसीच्या यादीत बसत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. हजार रुपयांचे स्टँप आणि दुकानाचे दोन अर्धे दिवस गेले, म्हणून लिहितोय: कंपनीने स्वतःहून लेखी मागितल्याशिवाय कुठलंही प्रतिज्ञापत्र करत बसू नका.

आणि या सगळ्या दिवसांत पारा चढत होता. एप्रिलच्या मध्याला आमच्याकडे चाळीसच्या वर ऊन. रेकॉर्ड पीव्हीसीची असते, ऊन लागलं की वाकते, आणि एकदा वाकली की प्लेअरची पिन त्यावर होडीसारखी वरखाली होते. पार्सल कुठल्या पत्र्याखाली पडलं असेल या विचाराने मला रात्री झोप लागत नव्हती. बायको म्हणाली, “अहो, पैसे गेले असं समजा आणि सोडून द्या.” पैशाचा प्रश्न नव्हता. साठ-सत्तर वर्षांपूर्वी वाजवलेलं ते संगीत कोणीतरी ओसाकात इतकी वर्षं उभं ठेवून, धूळ पुसून जपलं, आणि ते माझ्या एका अक्षरामुळे उन्हात वाकावं, हे सहन होत नव्हतं. (रेकॉर्ड नेहमी उभ्याच ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या दबतात.)

सकाळी क्रीडा संकुलावर आम्ही सात-आठ जण अजून खेळतो. सर आता सत्तरीत आहेत, बाकावर बसून ओरडतात. रोज तेच विचारायचे, “काय करायलास ज्ञाना, पार्सल आलं का न्हाई?” एका सकाळी मी त्यांना करीम अब्दुल-जब्बारची गोष्ट सांगितली. बास्केटबॉलमधला केवढा मोठा माणूस, आणि जॅझचा तितकाच मोठा संग्राहक. वडील ट्रॉम्बोन वाजवायचे. १९८३ च्या जानेवारीत त्याच्या घराला आग लागली आणि हजारो जॅझ रेकॉर्ड जळून गेल्या. मग टीम जिथे जिथे खेळायला जाई तिथे लोक आपल्या घरच्या रेकॉर्ड आणून त्याला द्यायला लागले. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लोकांनी दिल्या व्हय. बरं केलं.” आणि शिट्टी फुंकली.

वाट सापडली ती धंद्यातून. पुण्याचे एक व्यापारी मला बेअरिंग पुरवतात, त्यांचा माल बाहेरून येतो. हिशेबासाठी फोन केला होता, बोलता बोलता हे निघालं. ते म्हणाले, “शेठ, तुम्ही चुकीच्या टोकाला भांडताय. पार्सल अजून पाठवणाऱ्याच्या नावावर आहे. नाव त्याला बदलायला सांगा.” कुरिअर ज्या देशातून निघालं तिथल्या ऑफिसात पाठवणारा पत्र देतो की घेणाऱ्याचं नाव असं हवं, आणि सुधारित बिल जोडतो. ती दुरुस्ती इकडच्या सिस्टिममध्ये आपोआप दिसते. कस्टमर केअरच्या सहा माणसांपैकी एकानेही मला हे सांगितलं नव्हतं.

त्याच रात्री ओसाकाला मेल केला. आधारवर आहे तसं नाव, शहर उस्मानाबाद, खाली पिन कोड. सकाळी उत्तर होतं. त्या माणसाने माझी माफी मागितली होती, चूक त्याची नसताना. दुपारपर्यंत सुधारित बिलही आलं. तिसऱ्या दिवशी केवायसी मंजूर झाली आणि मी भर दुकानात ओरडलो. एक शेतकरी हायड्रॉलिक पाइप घ्यायला आला होता, त्याला चहा पाजला.

नंतर कस्टम ड्युटी. ती नुसत्या रेकॉर्डच्या किमतीवर लागत नाही. किंमत, पाठवणूक आणि विमा मिळून जी बेरीज होते तिच्यावर लागते, वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणून एक-एक रेकॉर्ड मागवू नका, चार-पाच एकत्र मागवा, पाठवणुकीचा भार वाटला जातो. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि मूळ बिल जपून ठेवा, किमतीबद्दल शंका आली तर तेच कामी येतं. काही विक्रेते पार्सलवर ‘भेट’ लिहू का असं विचारतात. नाही म्हणा. भेट लिहिल्याने सूट मिळत नाही, उलट किंमत खोटी वाटते आणि खोटं लिहिणं बरोबरही नाही.

कंपनीने वर गोदामभाडं लावलं होतं, १,८६० रुपये. ते मी भरलं नाही. सगळे मेल तारखेप्रमाणे लावून एकाच पत्रात पाठवले आणि लिहिलं, यातला एकही दिवस माझ्या उशिरामुळे गेलेला नाही. दोन दिवसांनी भाडं माफ. म्हणून फोनवर बोललात तरी नंतर मेल कराच, फोनचा पुरावा राहत नाही.

शेवटच्या टप्प्यात पार्सल सोलापूरच्या गोदामात येणार होतं आणि तिथून कुठल्या तरी टेम्पोतून धाराशिवला. मे महिना लागला होता. मी त्यांना कळवलं की सोलापुरातच ठेवा, मी येतो. चार मेला पहाटे पाचला निघालो, गोदाम उघडायच्या आत दारात उभा. खोका हातात घेतला तेव्हा थंड होता. मागच्या सीटखाली सावलीत ठेवला, एसी लावला, वाटेत कुठे थांबलो नाही. बंद गाडीत उन्हात रेकॉर्ड ठेवून चहाला उतरू नका.

अजून एक राहिलं. विक्रेत्याला सांगा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कव्हरला लागून ठेवा. आत ठेवली तर प्रवासात धक्के बसून कव्हराची कड फाटते. आमच्या ओसाकावाल्याने न सांगता तसंच केलं होतं. पाचही कव्हरं सरळ, जपानी कव्हरांवर गुंडाळलेल्या असतात त्या कागदी पट्ट्यासुद्धा जागच्या जागी. रेकॉर्ड एकेक करून काचेवर ठेवून बघितल्या. एकही वाकली नव्हती.

आधारवरचं नाव आता दुरुस्तीला टाकलंय. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधार केंद्रावर बसून मशीनवरच्या मुलाला डी, एन, वाय, ए असं एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि पावती दोनदा तपासली. दुरुस्ती होऊन कार्ड हातात येईपर्यंत नवीन काही मागवणार नाही. मागवलं तरी नोव्हेंबरनंतरच, ऊन उतरल्यावर.

पार्सल आणलं त्या रात्री सरांना घरी बोलावलं. ‘मिडनाइट ब्लू’ लावला. पहिली बाजू संपेपर्यंत सर काही बोलले नाहीत, गुडघ्यावर बोटांनी काँगाचा ठेका धरून बसले होते. पिन उचलली तशी म्हणाले, “दुसरी बाजू लाव.”