तबल्याची पहिली थाप

पवित्र शनिवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्रीच्या मराठी मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) गाणं माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, चार गाणी बसवायची, झालं. पण फादर म्हणाले, "आधी उपासना समितीत मांडा."

चर्चमागच्या खोलीत सात माणसं होती. शाळेतून निवृत्त झालेले एक सर, एक सिस्टर, रामवाडीच्या पेपल सेमिनरीतले (फादर घडवणाऱ्या विद्यालयातले) एक ब्रदर आणि बाकी आमच्यासारखे. चहा यायच्या आत माझी यादी अर्धी झाली होती. प्रतिसाद स्तोत्राच्या जागी मी एक लाडकं भजन घेतलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "बाळा, वाचलेल्या वचनाला ते उत्तर असतं. तिथे दुसरं गाणं चालत नाही." मी हुज्जत घातली. त्यांनी मिस्साग्रंथाच्या सुरुवातीची सूचनाच उघडून पुढ्यात ठेवली.

तबलजी तर रुसलाच. प्रायश्चित्त काळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, वाद्यं फक्त गाण्याला साथ म्हणून. त्या काळातल्या रविवारी त्याचा हौसेचा सुरुवातीचा तुकडा रद्द. चौथ्या रविवारी तेवढी मोकळीक मिळाली.

आरतीला मात्र नकार येणार म्हणून मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, आणि ब्रदरच माझ्या बाजूने बोलले. रोमने १९६९ मध्ये भारतासाठी बारा बदल मान्य केले, त्यात आरती आहे. फक्त ती मला हवी तशी कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी नाही; अर्पणाच्या वेळी किंवा महाप्रार्थनेच्या (फादर वेदीवर म्हणतात त्या मुख्य प्रार्थनेच्या) शेवटी.

वाचनांवर तासभर गेला. त्या रात्री बायबलच्या जुन्या करारातली सात वाचनं असतात. अडचण असेल तर तीनवर येता येतं, पण इस्राएली लोकांनी तांबडा समुद्र ओलांडण्याचं वाचन कधीच गाळता येत नाही. सरांना सातही हवी होती, मला तीन. पाचावर तडजोड झाली. (एवढ्या वेळात सगळी सात वाचून झाली असती.)

समिती नुसता सल्ला देते, हेही तिथेच कळलं. शेवटचा शब्द फादरांचा, आणि त्यांच्यावर बिशपांचा. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच प्रत्येक धर्मप्रांतात असा उपासना आयोग असावा असं सांगून ठेवलंय. आमची समिती त्याचंच गल्लीतलं रूप.

त्या रात्री पाचवं वाचन संपलं, स्तोत्र झालं, ग्लोरिया या स्तुतिगीताला सगळ्या घंटा वाजल्या आणि चाळीस दिवस हात आवरून बसलेल्या तबलजीने अशी थाप मारली की पुढच्या बाकावरची आजी दचकून उठली.