एका चार्जमधले तीन साठे

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध भांडाराचा चार्ज घेताना कागदोपत्री एकच साठा ताब्यात येतो. मला तीन मिळाले. एक नोंदवहीतला, एक ई-औषधी या औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीच्या स्क्रीनवरचा आणि एक रॅकवरचा. तिघांचं आपसात बोलणं बंद होतं.

केंद्र सह्याद्रीच्या पट्ट्यात, आदिवासी भागात. अशा भागात नियमाने वीस हजार लोकवस्तीला एक केंद्र असतं आणि केंद्राला एक औषध निर्माण अधिकारी. माझ्या आधीचे सर मे महिन्याच्या बदल्यांत गेले आणि जागा बरेच महिने रिकामी राहिली. तेवढा काळ चार्ज आमच्या आरोग्य सहाय्यिका सिस्टरांकडे होता. उपकेंद्रांची देखरेख, लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी हे सगळं सांभाळून त्यांनी नोंदवही तरी नीट ठेवली होती. संगणक मात्र तालुक्याहून फोन आला की उघडायचा, एवढाच नेम होता.

याचा फटका मी रुजू झाल्यावर पहिल्याच मागणीला बसला. पॅरासिटामॉलचं सिरप संपलेलं, पावसाळा तोंडावर आणि ओपीडीत तापाची पोरं. मी मागणीपत्रक भरलं. जिल्हा भांडाराने ती ओळ शून्यावर आणली. फोन केला तर तिकडून शांतपणे उत्तर आलं, ‘‘मॅडम, तुमच्याकडे भरपूर स्टॉक दिसतोय.’’ दिसत होताच. रोजचा खप कित्येक महिने कोणी चढवलाच नव्हता, त्यामुळे स्क्रीनवरच्या बाटल्या कमी कशा होणार? त्या भांडारवाल्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना रॅक दिसत नाही, स्क्रीन दिसते. आमचे डॉक्टर तेवढे दिवस गोळीचे तुकडे करून, आईला चार-चारदा समजावून देत राहिले.

ई-औषधी ही सी-डॅकने केलेली प्रणाली. राजस्थानात २०११मध्ये मोफत औषध योजना सुरू झाली तेव्हापासून तिचं नाव झालं. कल्पना अगदी साधी आहे. औषध कुठून निघालं, कोणत्या बॅचचं, मुदत कधी संपते, आता कुठे आहे हे सगळ्यांना एकाच जागी दिसावं. आपल्याकडे खरेदीची व्यवस्थाच मधल्या काळात बदलली. आधी हाफकिन महामंडळ, मग २०२३च्या कायद्याने आलेलं महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण. शिवाय जिल्हा स्तरावरची खरेदी वेगळी आणि रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून अडीनडीला घेतलेलं वेगळं. हे सगळं शेवटी एकाच रॅकवर येऊन बसतं. स्क्रीनवर मात्र एकच मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, मला दोन वेगळ्या नोंदींखाली सापडलं. एकीत साठा पडून होता आणि दुसरीतून वजा होत होतं. मेडिकल दुकानात काही वर्षं काम केल्यामुळे मला संगणकाची भीती नव्हती. पण दुकानात माल मालकाचा असतो. इथे तो सरकारी आणि सही आपली.

खरी अडचण त्या सहीपाशीच आहे. आमच्या खात्यात लोकांना संगणक येत नाही म्हणून नोंदी राहतात, असं वर समजलं जातं. मला ते पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाच्या पत्रिका बनवणाऱ्या माणसाला चार रकाने भरणं जड नसतं. त्याला धास्ती असते ती वसुलीची. आकडा दुरुस्त केला की फरक उघडा पडतो. फरक पडला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि आक्षेप शेवटच्या सही करणाऱ्याच्या पगारावर येतो. त्यापेक्षा हात न लावलेलाच बरा, असा शहाणपणा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय.

म्हणून मी डॉक्टरांकडे एकच हट्ट धरला. आधी मोजणी, मग फरकपत्रक, त्यावर त्यांची सही, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची मान्यता आणि शेवटी स्क्रीनवर दुरुस्ती. हा क्रम उलटा करायचा नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘मॅडम, यात महिना जाईल.’’ जाऊ दे म्हटलं.

सकाळची ओपीडी आटोपली की मी, सिस्टर आणि मामा, म्हणजे आमचे परिचर, भांडारात शिरायचो. सिस्टर नोंदवहीतली ओळ वाचणार, मामा खोका उतरवणार, मी बॅच आणि मुदत बघून लिहिणार. अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्या एकाच बॅचच्या, पण निघाल्या तीन जागी. काही रॅकवर, काही ओपीडीच्या ड्रॉवरमध्ये, काही शिबिराला नेऊन परत आणलेल्या पिशवीत, गाठ न सोडता तशाच. ओआरएसचे दोन खोके सापडेचनात. नोंदवहीत आहेत, स्क्रीनवर आहेत, रॅकवर नाहीत. मी फरकपत्रकात तूट लिहायला घेतली तेव्हा मामा म्हणाले, ‘‘लेबर रूमच्या माळ्यावर बघितलं का? गळायला लागलं तेव्हा मीच ठेवले.’’ या माणसाला कुठलंही लॉगिन नाही, कुठल्या प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव नाही. आमच्या केंद्रातली सगळ्यात अद्ययावत साठा-माहिती त्यांच्या डोक्यात होती.

मुदत संपलेला माल वेगळा काढला तर एक कोपरा भरला. तो स्क्रीनवरून असाच उडवता येत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे साठ्यातून कायमचं कमी करण्याचा प्रस्ताव, समिती, विल्हेवाटीची पद्धत, सगळं आलं. त्यातला बराचसा माल मुदत संपायच्या आत शेजारच्या केंद्राला देता आला असता, कारण तिथे त्याच औषधाची ओरड होती. प्रणाली असते ती याचसाठी. पण नोंदीच शिळ्या असल्या तर शेजाऱ्याला ते कळणार कुठून? रॅकही मी नव्याने लावला. वर्णानुक्रम सोडला आणि ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवलं. मामांनी प्रत्येक खोक्यावर महिना आणि साल मार्करने एवढं मोठं लिहिलं की दारातून वाचता यावं.

लसींचा कारभार निराळा. तिथे ई-विन आहे, लसींचा साठा आणि तापमान यांची नोंद ठेवणारी प्रणाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) मदतीने २०१५पासून ते राज्याराज्यांत आणलं आणि आता देशभरातल्या सुमारे २९ हजार शीतसाखळी केंद्रांवर ते चालतं. कोविडच्या लसीसाठी जे कोविन उभं राहिलं, त्याच्याखाली हाच पाया होता. लस पुण्याच्या राज्य भांडारातून परिमंडळाला, तिथून जिल्ह्याला आणि मग आमच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींसाठीच्या खास फ्रिजमध्ये, येते. तिथे दोन ते आठ अंश तापमान राखायचं. आयएलआरला तापमान मोजणारं यंत्र जोडलेलं असतं. पारा वर-खाली झाला की ते मोबाइलवर संदेश पाठवतं.

एका रात्री मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. ‘‘मॅडम, तुमचा आयएलआर दहावर गेलाय.’’ आधीचे सर बोलत होते, दुसऱ्या तालुक्यातून. त्यांची बदली झाली होती, पण यंत्रात नंबर त्यांचाच होता. बिचारे इतके महिने आमच्या फ्रिजचा ताप झोपेत सोसत होते आणि सिस्टरांना फोन करून उठवत होते. मामा क्वार्टरमध्ये राहतात. त्यांनी जाऊन बघितलं तर स्टॅबिलायझरचा प्लग ढिला झालेला. सकाळी मी प्रत्येक लसीच्या कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणारी खूण, तपासला. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंत लस वापरायला चालते. आमच्या सगळ्या ठीक निघाल्या. नंबर बदलून घ्यायला मात्र पुढे बरीच फोनाफोनी करावी लागली, कारण तो कोणी बदलायचा हे नेमकं कुणालाच माहीत नव्हतं.

ई-विन मला शिकवलं ते जिल्ह्याच्या लस व शीतसाखळी व्यवस्थापकाने. कंत्राटी पद, तरुण मुलगा, मोटारसायकलवर फिरणारा. जिल्ह्याच्या सभागृहात झालेलं प्रशिक्षण मी आधी केलेलं होतं. प्रोजेक्टर, मागच्या रांगेला न दिसणारी अक्षरं, मध्येच गेलेलं नेट, जेवण आणि हजेरी. या मुलाने आल्या आल्या मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, आधी आयएलआर उघडा. बीओपीव्ही किती आहे?’’ म्हणजे पोलिओची तोंडावाटे द्यायची लस. मी कुप्या मोजल्या, दहा म्हणाले. ‘‘आता अ‍ॅपमध्ये किती भराल?’’ एका कुपीत वीस डोस, म्हणून दोनशे. तो हसला. म्हणाला, निम्म्या केंद्रांच्या गोंधळाचं मूळ हेच. कुणी कुप्या भरतं, कुणी डोस भरतं, आणि वर जिल्ह्याला वाटतं अमुक केंद्रात लस संपत आली. मग लसीकरणाहून परत आलेल्या उघड्या कुप्यांचं प्रकरण. पेंटा, टीडी, पीसीव्ही यांची उघडलेली कुपी नीट ठेवली तर अठ्ठावीस दिवस चालते, तारीख लिहून पुढच्या सत्राला आधी तीच काढायची. बीसीजी आणि एमआरला ती सवलत नाही. विरघळवल्यावर चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, त्या बाद. या दोन प्रकारांची नोंद वेगवेगळी करायची. हे त्याने मला परत आलेल्या लसवाहक डब्यातल्या कुप्या ओट्यावर मांडून दाखवलं. पुन्हा विचारायची वेळ आली नाही.

पुढे त्याचा करार संपला आणि ते पद काही काळ रिकामं राहिलं. अ‍ॅप तेच, मोबाइल तेच, आम्ही तेच. तरी तालुक्याच्या आढावा बैठकीत लसींचे आकडे पुन्हा जुळेनासे झाले. आधी आकडा विचित्र दिसला की त्याचा त्याच संध्याकाळी फोन यायचा, ‘‘मॅडम, पेंटा अचानक दुप्पट कशी झाली?’’ आता विचारणारंच कोणी नव्हतं. आपण डिजिटल करतो तेव्हा यंत्र घेतो, प्रणाली घेतो, उद्घाटन करतो. रोज आकड्याकडे बघून भुवया उंचावणारा माणूस मात्र अकरा महिन्यांच्या करारावर असतो. आणि केंद्रातल्या फार्मासिस्टच्या कामाच्या यादीत ई-औषधी, ई-विन आणि अधूनमधून येणारं आणखी काहीबाही वाढत जातं. त्या यादीतून काढलं काहीच जात नाही. ओपीडीत औषध देणं, समजावणं, भांडार, शीतसाखळी आणि नोंदी, हे सगळं एका माणसाने करायचं. मी रजेवर गेले तर नोंदी थांबतात. आमच्याकडे नेट दुपारनंतर बरं चालतं, म्हणून माझ्या नोंदी बहुतेक वेळा ओपीडीच्या दोन पाळ्यांमधल्या विश्रांतीत होतात.

तालुक्यातल्या आम्हा फार्मासिस्टांचा एक ग्रुप आहे. तिथे जे शिकायला मिळालं ते कुठल्या पुस्तिकेत नाही. एकाने दोन नोंदींचा मेटफॉर्मिनचा घोळ कसा सोडवायचा ते सांगितलं, एकीने फरकपत्रकाचा नमुना टाकला. त्याच नमुन्यावर मी माझं पत्रक केलं आणि साहेबांनी ते मान्य केलं. दुरुस्ती झाली, तिन्ही आकडे एका ओळीत आले आणि पुढच्या मागणीत सिरपची ओळ शून्यावर आली नाही. पूर्ण नाही, पण पुरेसं आलं.

सिस्टर आता ई-विनची नोंद स्वतः करतात. मी नसले तर दिवस कोरा जात नाही. आधी त्या नको म्हणत होत्या. फरकपत्रकावर त्यांच्या काळाचा हिशेब स्वच्छ निघाला, कुठलीही वसुली निघाली नाही, तेव्हा त्यांची भीड चेपली. उपकेंद्रांना औषधं द्यायचा आठवड्यातला एक वार ठरवला. त्या दिवशी चिठ्ठीवर माल जात नाही, नोंद झाली की मगच खोका गाडीत चढतो. पहिल्यांदा आरोग्य सेविका वैतागल्या, एकीने तर ‘मेडिकल दुकान झालंय’ असं ऐकवलंही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मी एक अर्ज दिला होता. चार्ज यादीच्या नमुन्यात चाव्या, नोंदवह्या, डेड स्टॉक असतं. त्यात लॉगिन, पासवर्ड बदलल्याची तारीख, तापमान यंत्रातला मोबाइल नंबर आणि बदलीवर जाणाऱ्याने नव्या माणसाबरोबर केलेली प्रत्यक्ष मोजणी हेही घाला, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या तालुक्यात तो नमुना सुरू झाला. जिल्ह्याकडे पाठवलेल्या प्रतीवर अजून उत्तर नाही.

आता नोंदी उपकेंद्रापर्यंत न्यायच्या असं ठरतंय. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, त्यांच्या मोबाइलवर आधीच ढीगभर अ‍ॅप आहेत. परवा त्यातल्या एकाने विचारलं, ‘‘मॅडम, हे पण मीच का?’’ मी त्याला पुढच्या औषधवाटपाच्या दिवशी तासभर आधी यायला सांगितलंय. आधी मोजणी करू, मामांनाही बसवू, मोबाइल नंतर काढू.