प्लेटवर शून्य, स्क्रीनवर उसळी

बडोद्याजवळच्या आमच्या इंजेक्शन प्लांटमध्ये ग्रेड ए मधली, म्हणजे औषध उघडं असतं त्या सगळ्यात स्वच्छ जागेतली, हवा जंतूंसाठी दोन तऱ्हांनी तपासतो. पहिली प्लेटची. ९० मिलिमीटरच्या सेटल प्लेट (हवेतले जंतू पडावेत म्हणून उघड्या ठेवलेल्या बशा) चार तासांच्या आत बदलायच्या, शिवाय सॅम्पलरने १००० लिटर हवा मीडियावर, म्हणजे जंतू वाढतात त्या आगरवर, खेचायची. इन्क्युबेशन (प्लेट उबेत ठेवणं) होऊन निकाल हाती येईपर्यंत काही दिवस जातात आणि बॅच अडकून पडते. दुसरी तऱ्हा लेझरची. ४०५ नॅनोमीटरचा किरण कणावर पडला की विखुरलेल्या प्रकाशावरून आकार कळतो आणि पेशीतल्या एनएडीएच, रायबोफ्लेविन या रेणूंमुळे कण चमकतो. आकडा तिथल्या तिथे.

पण हा आकडा म्हणजे सीएफयू (कॉलनी फॉर्मिंग युनिट) नव्हे, हे प्रॉडक्शनवाल्यांना कितीदा सांगावं! मीडियावर वसाहत धरते तीच सीएफयू. आगरवर आदळून मेलेली किंवा अर्धमेली पेशी प्लेटवर उगवत नाही, यंत्राला मात्र दिसते. आणि चमकणारा निर्जीव धागाही दिसतो.

एका बॅचला रबरी बुचांच्या पिशव्या पुसून, उघडून स्टॉपर बाऊल (बुचांचं भांडं) भरताना दर वेळी लेझरच्या आकड्यात उसळी येत होती. शिफ्ट इनचार्ज म्हणाले, "ताई, मशीन खराब आहे, प्लेटा तर नेहमी झिरोच येतात." मशीनवर खापर फोडणं सगळ्यात सोपं. आधी इनलेटला सगळे कण अडवणारा झिरो फिल्टर लावला, मोजणी शून्यावर आली, म्हणजे यंत्र ठीक. मग हवा खेचणाऱ्या प्रोबची नळी पाहिली. ती आखूड हवी आणि तिला तीव्र वळण नको, कारण पाच मायक्रॉनचे कण वळणातच बसतात आणि पुढे सुटले की खोटी उसळी देतात. नळी स्वच्छ होती. हवेचा वेगही ०.३६ ते ०.५४ मीटर प्रति सेकंदाच्या आत.

मग बॅच नसताना एकेक हालचाल सुटी करून पाहिली. नुसती पिशवी उघडली तर काही नाही. ओल्या वायपरने पुसली तरी काही नाही. पण ७० टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) उडून गेल्यावर तोच वायपर पिशवीच्या शिवणीवर घासला की धागे सुटून आकडा चढे. ऑपरेटर घाईत नेमकं तेच करत होता. एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) 'पुसावे' एवढंच लिहिलेलं, ओलं की कोरडं याचा पत्ता नाही. आता दर पिशवीला नवा ओला वायपर, एकाच दिशेने, घासायचं नाही. उसळ्या थांबल्या.

तरी त्याच बॅचमधली एक उसळी माझ्या डोक्यातून जात नाही. रॅब्सचे (भरणीच्या जागेभोवतीच्या बंदिस्त आडोशाचे) दरवाजे बंद, इंटरव्हेन्शनची, म्हणजे आत हात घातल्याची, नोंद नाही, कॅमेऱ्यात कोणाचा हात ग्लव्हपोर्टमध्ये (आडोशाला बसवलेल्या हातमोज्यात) नाही. प्लेटा सगळ्या शून्य. क्यूएने (गुणवत्ता विभागाने) तिलाही 'वायपरचे धागे' याच कारणाखाली गुंडाळून बॅच सोडली. पुसणारा हातच आत नव्हता, मग वायपर आला कुठून? 'कारण सापडलं नाही' असं लिहायला हवं होतं, आणि तसं मी शेऱ्यात लिहून ठेवलं आहे. ऑडिटर विचारेल म्हणून घाबरायचं कशाला? युरोपच्या २०२२ च्या सुधारित ॲनेक्स १ ला (निर्जंतुक औषधांच्या नियमावलीला) ग्रेड ए मध्ये जंतूंची वाढ शून्य हवी. प्लेट शून्य आली म्हणून त्या क्षणी हवेत काही नव्हतं, असं मला सहीनिशी म्हणता येत नाही.

काही यंत्रांत मोजून झालेली हवा जिलेटिनच्या फिल्टरवर जमा होते. तो फिल्टर मीडियावर ठेवला की चमकलेल्यांपैकी काही उगवतं का, ते पाहता येतं. आमच्या यंत्रात ती सोय नाही. पुढच्या कॅपेक्समध्ये (यंत्रखरेदीच्या बजेटमध्ये) तीच मागितली आहे.