उंदीरमामाचा मोदक

"वीसच कसे?" आईने नैवेद्याचं ताट तिसऱ्यांदा मोजलं. आरतीला अख्खं घर उभं, बाबांच्या हातात निरांजन, आणि ताटात २१ ऐवजी २० मोदक.

सगळ्यांच्या माना माझ्या पाच वर्षांच्या भाच्याकडे वळल्या. तो हात मागे बांधून उभा. "मी नाही. उंदीरमामाने खाल्ला."

ताई भडकलीच. "बाप्पासमोर थापा मारतोस?" पाठीत धपाटा बसणार, एवढ्यात माझं लक्ष मूर्तीच्या पायाशी गेलं. मातीच्या उंदराच्या तोंडाला खरंच गूळखोबरं चिकटलं होतं. पुढ्यात मोदकाचं टोक, नीट उभं करून ठेवलेलं.

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. पहाटे चारपासून ती उकड मळत होती, एकेका पारीला कळ्या पाडत होती. आणि नैवेद्य उष्टा! काही न बोलता ती आत गेली, उरलेल्या उकडीचा एक मोदक वळला, हळदीच्या पानावर ठेवून वाफवला. तोवर आरती थांबली.

रात्री त्याला झोपवताना विचारलं, "का रे असं केलंस?"

"मामा, तो बाप्पाला पाठीवर घेऊन येतो ना? मग त्याला कुणीच का देत नाही?" जरा थांबून म्हणाला, "अर्धा मी खाल्ला."

दिवसभर आम्ही सगळे त्याला खोटारडा म्हणत होतो. का केलंस, हे एकानेही विचारलं नव्हतं. तेच डोक्यातून जात नाहीये.

तुमच्याकडे उंदराला वेगळा मोदक ठेवतात का?